न चाखलेली आमटी

शेफच्या पांढऱ्या कोटाला डाव्या बाहीवर एक अरुंद खिसा असतो. लोकांना वाटतं तो पेनासाठी आहे. माझ्या खिशात चमचे असतात. दिवसभर मी चाखत असतो. ग्रेव्ही, सूप, भाताचं शीत, दुसऱ्याने केलेलं, मी केलेलं, बिघडलेलं, बिघडायच्या बेतात असलेलं. संध्याकाळपर्यंत जीभ इतकी थकते की घरी जेवताना मला गार आणि गरम एवढंच कळतं. चाखल्याशिवाय एकही ताट बाहेर गेलं तर याद राखा, असं मी नव्याने लागलेल्यांना ओरडून सांगतो. आणि मग छत्तीसगढ़ातल्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या घरी येतो, जिथे माझी आई आयुष्यभर न चाखता रांधत आली आहे.

तिचं कारण साधं आहे. देवाच्या आधी कुणाच्या जिभेला लागलं की अन्न उष्टं झालं. सणावारी हे बऱ्याच घरांत पाळतात. आईने ते रोजच्या वरणभातालाही लावून घेतलं, कारण आमच्याकडे देवापुढे ताट रोज जातं. बाबा रेल्वेत होते, त्यांची ड्यूटी कधीही लागायची, पण नैवेद्याआधी त्यांनाही पोळीचा तुकडा मिळायचा नाही. ते उपाशी गेले तरी चालेल, देव नाही.

मग मीठ कसं कळतं तुला, असं मी लहानपणी विचारायचो. ती म्हणायची, "नाक काहून दिलं मंग देवानं? मीठ पडलं का वरणाचा वास खाली बसते."

हॉटेलचं शिक्षण घेऊन आल्यावर मी तिला सुनावलं होतं की मिठाला वास नसतो. ती म्हणाली, "मिठाले नसते. वरणाले असते." तिच्या हाताला मीठ किती घालायचं ते ठाऊक होतं, आणि ते पडलं की नाही हे तिला नाक सांगायचं. मोजमाप हाताचं, खात्री नाकाची. या जोडीवर आमचं घर चाललं.

त्या वर्षी आमच्या हॉटेलच्या मालकांना नव्या मेन्यूचं वेड लागलं होतं. छत्तीसगढ़ी फ्यूजन पाहिजे, लोकांनी फोटो काढले पाहिजेत. मी बोरे-बासीचं, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजलेल्या भाताचं, गार सूप केलं. वर दह्याचा फेस, त्यावर लाल मिरचीच्या तेलाचे थेंब. ज्या माणसाने लहानपणी शेतावर बासी खाल्ली असेल त्याने ते ताट माझ्या डोक्यावर उलटं केलं असतं, पण फोटो खूप निघाले. मग वाळलेल्या महुआच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांचा रस आटवून पनीरवर ओतला. तो पहिल्यांदा जळला, दुसऱ्यांदा दारूसारखा लागला, शेवटी जमला. मालक म्हणाले, "शेफ साहब, आपके हाथ में जादू है." जादू नव्हती. एकेक पदार्थ जमेपर्यंत मी तो चाखत राहत होतो, बस. एवढीच माझी विद्या.

अशाच दिवसांत एका सकाळी मी उठून स्वयंपाकघरात आलो तर घर धुराने भरलेलं. गॅसवर दूध आटून करपून काळं झालेलं, आणि आई त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, खाली मान घालून मेथी निवडत बसलेली. मी ओरडलो. तिने वर पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही. दूध गेल्याचं ते दुःख नव्हतं. पकडली गेल्यासारखी पाहत होती ती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यात ताप आला होता ना," ती म्हणाली. "तवापासून."

म्हणजे कितीतरी महिने ती नाकाशिवाय, आंधळ्याने घरात चालावं तशी, रांधत होती. आता मला एकेक आठवायला लागलं. मधूनच एखाद्या दिवशी आळणी वरण. मधूनच एखाद्या दिवशी दुप्पट मीठ. मी हॉटेलातून थकून आलेला, बायको ऑफिसातून थकून आलेली. आम्ही कुणी काही बोललो नव्हतो. आईचं वय झालं, एवढंच मनात म्हणून पाणी पीत होतो.

समता कॉलोनीत नाक-कान-घशाचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी आईला डोळे मिटायला लावले आणि एकेक छोटी बाटली तिच्या नाकाखाली धरली. कॉफी. ती गप्प. साबण. ती गप्प. तिसरी बाटली तिने स्वतःच हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली आणि ठासून म्हणाली, "लौंग."

"बजा के नहीं, सूंघ के बताइए, अम्माजी," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसू आलं. मला नाही आलं. डोळे मिटलेली माझी आई परीक्षेत कॉपी करत होती.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जिभेचं काम शाबूत आहे, तिखट-मीठ-आंबट-गोड कळेल. गेलाय तो वास. तो परत येईल, किंवा येणार नाही. रोज लवंग, लिंबू हुंगत राहायचं. बाकी उपाय नाही. मी दोनदा विचारलं, काहीच नाही? त्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले.

रिक्षात आई म्हणाली, "कोणाले सांगू नको."

"काहून?"

"महालक्ष्म्या येऊन राहिल्या."

आता हे सांगायला हवं. विदर्भातून आलेल्या आमच्यासारख्या घरांत भाद्रपदातल्या महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा सगळ्यात मोठा सण. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण असतं. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एक भाजी, आंबील, कढी, वडे, भजी. नागपूरहून, भिलाईहून सगळं गोत जेवायला येतं. आमच्याकडचा तो स्वयंपाक लग्न होऊन आल्यापासून आईच्या हातचा. तो ज्या वर्षी तिच्या हातून जाईल त्या वर्षी ती त्या घरात पाहुणी होईल, असं तिचं ठाम मत. माझ्या बायकोला या स्वयंपाकाचा मुळीच लोभ नाही, उलट धाकच आहे. हे आईला सांगून काही उपयोग नव्हता. "एवढं एक वर्ष," ती म्हणाली. "मंग पाहू."

नाक गेलं तर जीभ आहे ना, असं मी तिला लाख सांगून पाहिलं. एक थेंब चाख. हातावर घेऊन चाख. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवीच्या ताटातली पुरणपोळी उचलून खा म्हणालो होतो. "इतके वर्स नाई चाखलं आन् आता म्हातारपणी उष्टं वाढू तिले?" विषय संपला.

मग मी माझी विद्या पणाला लावली. आयुष्यात केलेले सगळे प्रयोग एकीकडे आणि हे एकीकडे. चाखायचं नाही, हुंगता येत नाही, तरी मीठ बरोबर पडलं पाहिजे.

आधी छोटा वजनकाटा आणला. ती म्हणाली, "सोनाराचं दुकान टाकलं काय रे?" तरी तिने दोन दिवस मीठ तोलून पाहिलं. पण तोलून घातलेलं मीठ घातल्यावर दिसत नाही, आणि खरी अडचण तीच होती. घातलं की नाही, हे तिला आठवायचंच नाही. आठवायची गरजच कधी पडली नव्हती, नाक होतं. ती कढईपुढे उभी राहायची, हात बरणीकडे जायचा, अर्ध्यात थबकायचा, परत यायचा. माझ्या आईचा हात कढईपुढे थबकलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला ते पाहवायचं नाही. मी उगाच बाहेर जाऊन नळ सुरू आहे का ते पाहून यायचो.

मग खारटपणा मोजायचं यंत्र आणलं. आमच्या हॉटेलात ते असतं. पाण्यात टोक बुडवलं की आकडा दाखवतं. मी मोठ्या खुशीत घरी घेऊन आलो. आईने ते बोटाच्या टोकाने उचललं. "हे हॉटेलातलं?"

"हव."

"तिथं कायमधी बुडवता?"

मी यंत्र परत घ्यायला हात पुढे केला. आम्ही ते कोंबडी मुरवायच्या खाऱ्या पाण्यात बुडवायचो. तिने यंत्र दाराबाहेर ठेवलं, स्वतःचे हात धुतले आणि मलाही धुवायला लावले. मी नवं मागवलं, तर त्याने घट्ट वरणात काहीच्या बाहीच आकडे दाखवले.

मग मला वाटलं, आपणच तिचं नाक व्हावं. तिच्या मागे उभं राहायचं, वास घ्यायचा, हळूच सांगायचं. हॉटेलात दुपारच्या निवांत वेळी मी एकाच डाळीच्या वाट्या भरून घ्यायचो, काहींत मीठ, काहींत नाही, आणि तोंड मिटून हुंगत बसायचो. किचनमधले हसायचे. "भैया, शेफ साहब दाल को सूंघ रहे हैं." हसण्यासारखंच होतं ते. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तेलाच्या वाफेने माझं नाक कधीच भरून गेलंय. आणि तिला जो वास खाली बसलेला कळायचा तो मला वर उठलेलाही कळत नव्हता. बाहीवरच्या खिशात चमचे होते, हात तिकडे जाऊन जाऊन येत होता. त्या वाट्यांपुढे मला खरंच रडू आलं. इतकी वर्षं याच कामाची भाकरी खातोय, आणि आईच्या एका कामाचा नाही.

शेवटी जमलं ते मिठाचं पाणी. मीठ पाण्यात विरघळवून एका भांड्यात ठेवायचं. इतक्या डाळीला एक पळी, इतक्या भाजीला अर्धी. भांड्यावर झाकण, मीठ घातलं की झाकण उलटं ठेवायचं. झाकण उलटं म्हणजे काम झालं; पुढचा पदार्थ चढवताना ते पुन्हा सुलटं करायचं. आईला हे पटलं, कारण तिच्या माहेरी खडेमीठ असंच विरघळवून घ्यायचे, खाली माती बसायची. मी मिठाची चिनीमातीची बरणी उचलून पिठाच्या डब्यामागे लपवली. महालक्ष्म्यांपर्यंतचे सगळे दिवस आम्ही तालीम केली. वरण जमलं, भाज्या जमल्या. तिचा हात पुन्हा मोकळा व्हायला लागला. एक दिवस पोळ्या लाटता लाटता तिने आत्याची नक्कल करून दाखवली, तेव्हा मला वाटलं, निभावलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, भिलाईची. तिच्या नवऱ्याची नोकरी तिथल्या स्टील प्लांटमध्ये होती, अजून तिथेच राहतात. दरवर्षी महालक्ष्म्यांचं जेवण ती पहिल्या पंगतीला जेवते आणि दरवर्षी एक खोट काढते. पुरणात जायफळ जास्त. कढीला अजून एक उकळी पाहिजे होती. आमटीले मीठ जरासं कमीच, वहिनी. स्वयंपाक कितीही उत्तम झालेला असो. नणंदेचा तो हक्कच होता. आणि आई दरवर्षी पदर खोचून म्हणायची, "बाई, भिलाईच्या पाण्यानं तुमची जीभच गेली." मग दोघी हसायच्या. खोट काढली नाही तर जेवण झाल्यासारखं आईलाही वाटलं नसतं.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी सुटी घेऊन, आंघोळ करून, सोवळं नेसून आईच्या मदतीला उभा राहिलो. आत्या आदल्या दिवशीच आली होती. तिचे गुडघे धरलेले, म्हणून स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून वाती वळत बसली. "पहा वो, हॉटेलवाला सोवळ्यात," ती आईला म्हणाली, आणि मग मला, "काय फ्राय-गिय करून राहिला देवीले?" मी हसलो. मिठाच्या पाण्याचं झाकण सुलटं करून ठेवलं.

सगळं नीट चाललं होतं. भाजीत पळी, झाकण उलटं. कढीत पळी, झाकण उलटं. मी विचारायचो, "आई, पाणी घातलं?" ती म्हणायची, "हव." पाणी म्हणजे आमचं पाणी; आत्याला काय कळणार. पुरणाच्या डाळीवरचं पाणी काढून आमटी फोडणीला पडली. आईने पळी घातली, झाकण उलटं ठेवलं. तेवढ्यात बाहेरून कुणी फुलं आणून दिली, ती तिने ताटात घेतली, मान वळवून मुखवट्यांकडे पाहून हात जोडले आणि परत कढईकडे वळली.

आणि तिचा हात बरणीत गेला.

बरणी तिथे होती. पिठाच्या डब्यामागची बरणी गॅसच्या शेजारी, तिच्या जुन्या जागेवर. आत्याने सकाळी कणीक घेताना ती पाहिली होती आणि वहिनीला सापडत नसेल म्हणून प्रेमाने काढून ठेवली होती. आई उकळत्या आमटीकडे पाहत होती. तिच्या हाताने मीठ घेतलं, बोटं किंचित सैल केली, जादाचं परत बरणीत पाडलं. कित्येक महिन्यांनी तो हात न थबकता गेला होता. तोच जुना हात.

मी का नाही बोललो? आत्या हाताच्या अंतरावर बसली होती, आणि कोणाले सांगू नको असं मला बजावलेलं होतं. हे खरं आहे. पण त्या हाताकडे पाहत राहिलो, हेही खरं आहे. तेवढ्यात मीठ पडून गेलं.

पडलेलं मीठ काढता येत नाही. आलू टाकला की मीठ ओढून घेतो, ही थाप आहे. पातळ करणं एवढाच उपाय. मी गरम पाण्याचं भांडं उचललं.

"काय करून राहिला रे?" आई म्हणाली.

"दाट वाटून राहिली."

"आमटी आहे ते. चहा नाई." तिने माझा हात बाजूला सारला.

दारातून आत्या म्हणाली, "हॉटेलात पाणीच वाढवत असतीन ना." आई हसली. मोकळं हसली.

मी कढईपाशी उभा राहिलो. बोट बुडवावं, पाठ फिरवून चाटावं, किती खारट आहे ते तरी कळेल. देवाला मी फारसा भीत नाही. पण आई समोर होती, नेसूचं रेशमी सोवळं घामाने पाठीला चिकटलेलं, आणि मला ते जमलं नाही. त्या वर्षी मी काय काय शिजवलं होतं! महुआचा रस, दह्याचा फेस. आणि इथे मी हातात गरम पाण्याचं भांडं धरून खांबासारखा उभा होतो.

आरती झाली. नैवेद्य झाला. पहिली पंगत बसली. मी आमटी वाढत नेली ती चोरासारखी, वाटीत कमीत कमी. भुरके सुरू झाले आणि मग हळूहळू थांबले. कुणी भातात कालवून घेतली, कुणी पाण्याचा पेला मागितला. नागपूरच्या काकांनी वाटी ताटाच्या कडेला सरकवली. आत्याने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आई पदराने कपाळ पुसत तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. दरवर्षीसारखी, उत्तर तयार ठेवून.

आत्याने वाटी तोंडाला लावली आणि सगळी पिऊन टाकली.

"वहिनी," ती म्हणाली, "यंदा फार चांगलं झालं सगळं."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आईनेही. पदर तिच्या कपाळावरच राहिला. ती काहीतरी बोलायला गेली, पण तिच्याजवळ या वाक्याचं उत्तर नव्हतं. "हव का," एवढंच म्हणून ती आत गेली आणि पुरणपोळ्यांवर उगाच तूप लावत बसली.

उन्हं कलल्यावर पाहुणे बाहेरच्या खोलीत आडवे झाले. बायको विडे देत होती. शेवटच्या पंगतीला मी आणि आई, स्वयंपाकघरातच. मी तिचं ताट वाढलं, आमटी सोडून. ती म्हणाली, "आमटी?"

मी वाढली. तिने वाटी उचलून भुरका मारला. तोंड वाकडं झालं नाही.

"दोनदा पडलं," ती म्हणाली.

"हव."

"तू पाह्यलं होतं."

"हव."

तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "बाईनं चांगलं म्हटलं ना," ती म्हणाली, "तवाच समजलं मले. आता त्या कधी नाव नाई ठेवनार."

मी तिच्या ताटातली वाटी उचलायला हात पुढे केला. तिने ती घट्ट धरून ठेवली.

"राहू दे. पुरण नुसतं गोड लागते. भाजी नुसती गरम. इतक्या दिवसांत हे एक काहीतरी लागलं." तिने वाटी रिकामी केली आणि माझ्यापुढे धरली. "वाढ."

"आई, तुझं बीपी..."

"वाढ म्हणते ना."

मी वाढली.